वाचकांचे प्रश्न : कॅम्पर गाडीतला फ्रिज रात्रीच का बंद पडतो?

प्रश्न : जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची आम्ही कॅम्पर करून घेतली आहे. मागच्या बाजूला ४० लिटरचा, १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रिज बसवलाय. बेळगावातून निघताना छान चालतो. कणकुंबीला मुक्काम केला की रात्री दहाच्या सुमारास बंद. क्षणभर फॅन फिरतो, कॉम्प्रेसर घरघरतो, 'टक्' होऊन पुन्हा शांत. बॅटरी नवीन, १०० अँपिअर-तासांची, मीटरवर १२.४ व्होल्ट दाखवते. मेकॅनिक गॅस भरू म्हणतो. भरावा का?
– एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : गॅसला हात लावू देऊ नका. गॅस कमी झाला असता तर कॉम्प्रेसर न थांबता चालत राहिला असता आणि आत थंडावा आला नसता. तुमचा कॉम्प्रेसर सुरू होऊन बंद पडतो, म्हणजे दोष विजेचा आहे. सीलबंद नळीला विनाकारण भोक पाडून व्हॉल्व्ह बसवला की पुढे तिथूनच गळती सुरू होते.

अशा फ्रिजमध्ये बहुतेक वेळा डॅनफॉसचा, म्हणजे आताच्या सेकॉपचा, बीडी ३५ किंवा त्याच धाटणीचा कॉम्प्रेसर असतो. त्याच्या अंगावरचा काळा डबा हा कंट्रोलर. बॅटरी पार झोपू नये म्हणून, मूळ सेटिंग बदललेलं नसेल तर, व्होल्टेज १०.४ च्या खाली गेलं की तो कॉम्प्रेसर थांबवतो आणि ११.७ दिसल्याशिवाय पुन्हा सोडत नाही. पण हे व्होल्टेज तो मोजतो स्वतःच्या टर्मिनलवर. बॅटरीवर किती आहे ते त्याला कळत नाही.

आता हिशेब बघा. गाडी बांधणारे बऱ्याचदा दीड स्क्वेअरची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर ओढतात. बॅटरीपासून फ्रिज ६ मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन १२ मीटर तांबं, म्हणजे साधारण ०.१४ ओहम. ५ अँपिअरला तिथेच ०.७ व्होल्ट गेले. कणकुंबीकडच्या पावसाळी दमट हवेत एखाद्या जोडावर हिरवा थर चढलेला असेल आणि त्याचा रोध ०.२ ओहम झाला असेल, तर आणखी १ व्होल्ट. लोड पडल्यावर बॅटरी १२.४ वरून १२.१ ला आलेली. उरले १०.४! कॉम्प्रेसर थांबला की करंट थांबतो, वायरमधली घटही नाहीशी होते, कंट्रोलरला पुन्हा १२ च्या वर दिसतं, तो परत प्रयत्न करतो आणि परत पडतो. तुम्ही ऐकता तो 'टक्' या फेऱ्यांमधलाच. दिवसा इंजिन चालू असताना अल्टरनेटर १४ व्होल्ट देतो, म्हणून ही सगळी घट खपून जाते.

बिघाड पकडायला साधा मल्टीमीटर पुरे. तो डीसी २० व्होल्टवर ठेवा. इंजिन बंद, फ्रिज चालू. कॉम्प्रेसर सुरू होतानाच मोजायचं. बंद असताना घेतलेलं माप काही सांगत नाही. आधी बॅटरीच्या खांबांवर बघा, मग कंट्रोलरच्या प्लस-मायनसवर. फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त असेल तर दोष वायरिंगमध्येच. मग एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी कंट्रोलरच्या प्लसवर धरा, म्हणजे प्लसच्या बाजूची घट थेट दिसेल. तसंच मायनसला. जी बाजू जास्त खाते तिच्यावर तुकड्यातुकड्याने पुढे सरका: फ्यूज होल्डरच्या अलीकडे-पलीकडे, मग स्विच, मग सॉकेट.

सर्वांत आधी दोन जागा बघा. पहिली, सिगरेट लायटरचं सॉकेट: मधली पिन स्प्रिंगवर नुसती टेकलेली असते, खड्ड्यात गाडी आदळली की सुटते. प्लग काढल्यावर टोक तपकिरी, प्लॅस्टिक किंचित वितळलेलं दिसलं तर चोर सापडलाच. दुसरी, बॉडीला घेतलेला अर्थ: रंगावरच स्क्रू मारलेला असतो आणि थिंबलखाली (वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीखाली) गंज धरतो.

दुरुस्ती करताना अर्धवट करू नका. बॅटरीपासून कंट्रोलरपर्यंत प्लस आणि मायनस दोन्ही वायरी स्वतंत्र ओढा. बॉडीचा अर्थ नको, लायटरचं सॉकेट नको, मध्ये दुसरा लोड नको. एका बाजूची लांबी ४ मीटरपर्यंत असेल तर चार स्क्वेअर, ६ मीटरपर्यंत सहा स्क्वेअर. १५ अँपिअरचा पाती फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा. थिंबल पकडीने दाबून बसवा, नुसती पिळून टेप लावलेली वायर पहिल्या पावसाळ्यातच काळी पडते. वर हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळून बसणारी प्लॅस्टिकची नळी) चढवा.

एवढं करूनही अडलंच तर कंट्रोलरच्या प्लस आणि डी या टर्मिनलांमध्ये कंपनीने सांगितलेला एलईडी लावून लुकलुकणं मोजा. एकदा म्हणजे व्होल्टेज कमी. दोनदा म्हणजे फॅन जास्त करंट ओढतोय. फॅनची वायर काढून बघा, कॉम्प्रेसर चालला तर फॅन बदला. तीनदा म्हणजे कॉम्प्रेसरची मोटर सुरूच होत नाही; लगेच बंद-चालू केल्याने असं होऊ शकतं, दाब समान व्हायला थोडा वेळ द्या. चारदा म्हणजे लोड जास्त, वेग टिकत नाही. पाचदा म्हणजे कंट्रोलर तापलाय. अथणी-चिकोडीकडच्या एप्रिलच्या उन्हात पाचवा संकेत हमखास भेटतो, कारण फ्रिज फळ्यांनी चहूबाजूंनी बंद केलेला असतो. खाली आणि वर जाळीची वाट ठेवा. थर्मोस्टॅटचा संशय असेल तर कंट्रोलरवरची सी आणि टी ही टर्मिनलं क्षणभर जोडा. कॉम्प्रेसर चालला तर दोष थर्मोस्टॅटमध्ये किंवा त्याच्या वायरीत.

प्रश्न : आमचा फ्रिज सिलिंडरचा गॅस, १२ व्होल्ट आणि घरची वीज अशा तिन्हींवर चालतो. पावसाळाभर गाडी खानापूरला शेडमध्ये उभी होती. आता घराच्या प्लगला लावला की आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) उडतो. वायरमनने अर्थची पिन काढून बघायला सांगितलं आहे.
– एक वाचक, निपाणी

उत्तर : पिन काढू नका! त्या पिनमुळेच आरसीसीबी उडतोय आणि तुम्ही वाचताय. ती काढली तर गाडीचा सगळा पत्रा जिवंत होऊ शकतो.

अशा फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो, तो हीटरच्या किंवा गॅसच्या ज्योतीच्या उष्णतेवर चालतो. त्या हीटरच्या नळीत पांढरी भुकटी भरलेली असते, ती दमट हवेत ओल ओढते. मग फेज थोडीशी बॉडीत गळते आणि ३० मिलिअँपिअरवर आरसीसीबी खटकतो. प्लग काढून २३० व्होल्टच्या हीटरची दोन टोकं सोडवा. १२५ वॉटच्या हीटरचा रोध ४२० ओहमच्या आसपास यायला हवा. नंतर टोक आणि बॉडी यांमध्ये ५०० व्होल्टचा मेगर (वीज गळते का ते मोजणारं यंत्र) लावा. १ मेगाओहमहून कमी आलं तर ओल किंवा फुटलेली नळी.

ओल असेल तर ती वाळते. १२ व्होल्टचा हीटर त्याच जागी शेजारी असतो. गाडी मोकळ्या हवेत उभी करून इंजिन चालू ठेवा आणि दोनेक तास फ्रिज १२ व्होल्टवर चालवा, किंवा नळीपाशी गॅसची ज्योत चालू ठेवा. मग पुन्हा मेगर घ्या. आकडा चढला तर प्लग लावा. नाही चढला तर हीटरच बदला.

मात्र हा फ्रिज १२ व्होल्टवर १० अँपिअरहून जास्त ओढतो, तोही सलग, म्हणून इंजिन बंद असताना १२ व्होल्टवर सोडू नका. इग्निशनवर चालणारा रिले (इंजिन बंद होताच फ्रिजची वीज तोडणारा आपोआप स्विच) बसवून घ्या.