कोडिंग येत नाही, मग सायबर सिक्युरिटीत माझं काय काम?

"मॅडम, मिटिंगमध्ये सगळी एसआयईएम, ईडीआर असलं काय काय बोलत्यात आणि मी नुसता मान हलवत बसतो. एक दिवस पकडला जाणार बघा." (एसआयईएम म्हणजे सगळीकडच्या नोंदी एकत्र तपासणारी यंत्रणा, ईडीआर म्हणजे एकेका कॉम्प्युटरवर पहारा ठेवणारी. आणि कोल्हापूरच्या मुली 'जातो-येतो'च म्हणतात.) राजारामपुरीत घरी बसून पुण्याच्या कंपनीसाठी काम करणारी, तिशीच्या आतली मुलगी सल्ल्यासाठी माझ्याकडे आली होती. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. बी.कॉम., एमबीए, शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत चार वर्षं खरेदी विभाग, आणि सहा महिन्यांपासून सायबर सिक्युरिटीत बिझनेस प्रोसेस ॲनालिस्ट, म्हणजे काम प्रत्यक्षात कोणत्या टप्प्यांनी होतं ते तपासून मांडणारी. कॉमर्सकडून या कामात आलेल्यांची ही नेहमीची धास्ती.

अशा वेळी नुसती पाठ थोपटून भागत नाही. तिच्यापुढे कागद ठेवला आणि हातात असलेली एक प्रोसेस काढायला सांगितली. तिने नोकरी सोडणाऱ्याचं लॉगिन बंद करण्याची काढली. राजीनामा, एचआरची मंजुरी, आयटीला ईमेल, तिकीट (हेल्पडेस्कवरची कामाची नोंद), खातं बंद, तिकीट बंद. सहा चौकोन, पाच बाण, सगळं सुबक. पण ते चित्र पॉलिसीचं होतं, कामाचं नव्हतं.

"फौंड्रीत ठेकेदाराचा माणूस काम सोडून गेला की गेटपास कोण परत घ्यायचं?"

ती हसली. "कोण घेतंय! त्याचं नाव आमच्या मस्टरवर नसायचंच. ठेकेदार सांगंल तवा कळायचं."

बोलता बोलताच तिची नजर कागदावर गेली. ठेकेदाराची माणसं त्या सहा चौकोनांत कुठेच नव्हती. आयटी कंपनीतही अशी माणसं बहुतेकदा एचआरच्या यादीत नसतात, खरेदी विभागाच्या वर्क ऑर्डरवर असतात. राजीनाम्यापासून सुरू होणारी प्रोसेस त्यांच्यापर्यंत पोचत नाही आणि करार संपला तरी लॉगिन चालू राहतं. खातं वैध, पासवर्ड बरोबर, म्हणून यंत्रणाही सहसा बोंब मारत नाही. हे भोक खरेदी विभागात चार वर्षं घासलेल्या माणसाला लवकर दिसतं.

मग गृहपाठ. अलीकडे गेलेले 30 जण घ्यायचे: 20 एचआरकडून, 10 खरेदीकडून. प्रत्येकापुढे तीन वेळा: काम संपल्याची, तिकीट उघडल्याची, खातं बंद झाल्याची. तिसरी वेळ तिकिटावरून घ्यायची नाही, लॉगमधून, म्हणजे सिस्टीम आपोआप ठेवते त्या नोंदीतून घ्यायची. हेल्पडेस्कला तिकीट मुदतीत बंद करायचं टार्गेट असतं, त्यामुळे काम अर्धवट असतानाही तिकीट 'क्लोज्ड' दिसू शकतं. सिंगल साइन-ऑनच्या (एकाच लॉगिनने बरीच सॉफ्टवेअर उघडण्याच्या सोयीच्या) बाहेर काय उरतं तेही बघायचं: ईआरपीचं (खरेदी-हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं) वेगळं लॉगिन, व्हेंडर पोर्टल, चौघांत एकच पासवर्ड असलेला मेलबॉक्स. शिवाय खातं बंद केलं तरी आधीच उघडं असलेलं सेशन काही वेळ चालू राहू शकतं. ते वेगळं तोडावं लागतं, म्हणून चित्रात त्याला स्वतंत्र चौकोन हवा.

पुढच्या भेटीला ती रडवेली होऊन आली. तिच्या तक्त्यात काही जणांची खाती माणूस जायच्या आधीच बंद झालेली दिसत होती आणि मिटिंगमध्ये हसं झालं होतं. कारण साधं होतं. लॉग यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत होता, भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे. माणूस 18:00 ला गेला, खातं 18:10 ला बंद झालं, पण लॉगमध्ये 12:40. दोन ठिकाणच्या वेळा वजा करण्याआधी दोन्हींचा टाइमझोन विचारायचा. तो न विचारण्याची चूक एकदाच होते.

इंजिनिअर लोक तुटक वागतात, हे तिचं दुसरं दुखणं. त्यांच्या नजरेत ॲनालिस्ट म्हणजे चुका टिपायला आलेला माणूस, आणि त्यांचंही फार चुकत नाही. म्हणून "तुम्ही काम कसं करता?" असं विचारायचं नाही, त्याने पुन्हा पॉलिसीच ऐकायला मिळते. "शेवटचं तिकीट कसं केलं, स्क्रीन शेअर करून दाखवता का?" असं म्हणायचं आणि तासभर गप्प बघायचं. रिपोर्टात माणसाचं नाव नाही, भूमिकेचं. सरासरीसोबत सर्वांत जास्त लागलेला वेळही लिहायचा, कारण धोका तिथेच असतो.

काहीच तांत्रिक शिकायला नको, असं मात्र तिला सांगितलं नाही. लॉगची एक ओळ वाचता यायला हवी, एमएफए (पासवर्डसोबत ओटीपीसारखा दुसरा पुरावा) आणि सिंगल साइन-ऑन म्हणजे काय हे समजायला हवं, एक्सेलमध्ये दोन याद्या जुळवता यायला हव्यात. कोडिंग नंतर, हौस असली तर. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार ठराविक सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवाव्या लागतात. शनिवारी रात्री 11 वाजता कुणी कुणाला फोन करायचा आणि त्याने उचलला नाही तर पुढचा नंबर कुणाचा, हे ठरवायला कोड लागत नाही.

तिसऱ्या भेटीत नवा कागद आला. चौकोन अकरा, आणि खाली 'ठेकेदार' अशी वेगळी पट्टी, तिची सुरुवात वर्क ऑर्डर संपण्याच्या तारखेपासून. खरेदीचे साहेब ती पट्टी मान्य करायला तयार नव्हते. "त्यांस्नी कसं पटवायचं ते ठाऊक हाय मला," ती म्हणाली आणि व्हीपीएनच्या (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये यायच्या सुरक्षित वाटेच्या) लॉगमधला एक रकाना उलगडेना म्हणून लॅपटॉप उघडून बसली.