नाव हॉस्पिटल, पण शाळा

प्रश्न : इंग्लंडमध्ये 'क्राइस्ट्स हॉस्पिटल' नावाची माध्यमिक शाळा आहे, असे वाचले. शाळेला रुग्णालयाचे नाव कसे पडले? (एक वाचक, सांगली)

उत्तर : जुन्या इंग्रजीत 'हॉस्पिटल' म्हणजे निराधारांना आसरा देणारी जागा, औषधपाण्याशी त्या शब्दाचा संबंध असलाच पाहिजे असे नव्हते. बिशप रिडली यांच्या प्रवचनाने हेलावलेल्या सहाव्या एडवर्डच्या पुढाकाराने, लंडनच्या न्यूगेट स्ट्रीटवरील ग्रेफ्रायर्स मठाच्या रिकाम्या इमारतींत 1552 साली गरीब मुलांसाठी ही संस्था सुरू झाली. तिच्या सनदेवर राजाने 26 जून 1553 रोजी सही केली आणि 6 जुलैला, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो वारला.

पुढे 1673 मध्ये दुसऱ्या चार्ल्सने नौकानयनासाठी लागणारे गणित शिकवणारी शाखा इथेच काढली. कवी कोलरिज आणि निबंधकार चार्ल्स लॅम इथलेच विद्यार्थी. 1902 मध्ये शाळा ससेक्समधील हॉर्शमजवळ गेली. हर्टफर्डची मुलींची शाखा 1985 मध्ये तिच्यात मिसळली.

घोट्यापर्यंतचा निळा डगला, गळ्याशी पांढऱ्या पट्ट्या, पिवळे पायमोजे असा ट्यूडरकालीन वळणाचा गणवेश मुले आजही घालतात आणि बँडच्या तालावर रांगेने जेवायला जातात. पाहुण्याला हे नाटकी वाटेल. पण गणवेश शाळाच विनामूल्य देते आणि शुल्क पालकांच्या उत्पन्नानुसार ठरते, काहींना तर ते पूर्ण माफ असते. इंग्लंडमधील इतर नामांकित निवासी शाळांपेक्षा ही शाळा वेगळी ठरते ती, आमच्या मते, डगल्यापेक्षा या सवलतीमुळे.