टिरेल पी ३४ चं किट: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात टॅमिया ह्या जपानी मॉडेल कंपनीच्या सहा चाकी टिरेल पी ३४ च्या किटबद्दल लिहिलं होतं, त्यावर एवढी पत्रं आली की ह्या वेळचा अख्खा कॉलम तिलाच देतोय. ज्यांच्या हातून तो अंक सुटला त्यांच्यासाठी थोडक्यात: डेरेक गार्डनरने डिझाइन केलेली फॉर्म्युला वन गाडी, पुढे चार छोटी चाकं, मागे दोन मोठी, आणि १३ जून १९७६ ला स्वीडनच्या अँडरस्टॉर्प ट्रॅकवर हीच गाडी पहिली पण आली आणि दुसरी पण, जोडी शेक्टर पहिला, पात्रिक देपाये दुसरा. सहा चाकांची गाडी फॉर्म्युला वनमध्ये जिंकली ती तेवढी एकदाच.

पहिलंच रेसिंग कारचं किट घेतोय. १/१२ घेऊ की १/२०? (नाशिक)

१/२० घ्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या विसाव्या भागाएवढं मॉडेल, डोळे झाकून. १/१२ शोकेसमध्ये भारी दिसतं हे खरंय, पण त्यात पार्ट जास्त, स्क्रू जास्त, आणि मोठ्या स्केलला जे दिसतं ते सगळं नीट करावंच लागतं, सीमलाइन, म्हणजे दोन पार्टच्या जोडाची रेघ, राहिली तर चार फुटांवरून कळते. एक हिशोब सांगतो. टिरेलच्या पुढच्या चाकाची रिम १० इंची होती म्हणजे २५४ मिलिमीटर, ती १/१२ ला होते साधारण २१ मिलिमीटर आणि १/२० ला १२.७. एवढ्या चाकात पण ब्रेक डिस्क असते, सस्पेन्शनचे आर्म असतात, आणि पुढे अशी चार चाकं आहेत, एका रेषेत बसवायची. चारही जमिनीला टेकली पाहिजेत, म्हणून ग्लू लावायच्या आधी काचेच्या तुकड्यावर गाडी ठेवून ड्राय फिट करा, म्हणजे पार्ट नुसते जुळवून बघा, आणि ग्लू लावल्यावर पण सुकेपर्यंत त्याच काचेवर राहू द्या.

जुलैमध्ये बॉडीला निळा स्प्रे मारला, सुकल्यावर वर दुधाळ पांढरट थर आला. कॅन खराब निघाला का? बॉडी वाया गेली का? (डोंबिवली)

कॅन चांगला आहे, हवा वाईट आहे. बॉडी अजिबात वाया गेलेली नाही, काळजी करू नका.

होतं काय की लॅकर स्प्रेमधला सॉल्व्हंट पटकन उडतो आणि उडताना पृष्ठभाग थंड करतो, आता डोंबिवलीत जुलैमध्ये हवेत आधीच पाणी भरलेलं, ते त्या थंड पेंटवर बसतं आणि आत अडकतं, तोच तो पांढरट थर, ह्याला ब्लशिंग म्हणतात. आता ती बॉडी दोन-तीन दिवस कोरड्या डब्यात ठेवा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. मग कोरडा दिवस बघून एअरब्रशने नुसता लेव्हलिंग थिनर अगदी हलका मारा, त्यात सुकणं लांबवणारा रिटार्डर असतो म्हणजे तो सावकाश उडतो, वरचा पेंट पुन्हा जरा मऊ होतो आणि अडकलेलं पाणी निघून जातं. एअरब्रश नसेल तर २००० नंबरचा वॉटर पेपर हलक्या हाताने फिरवून वर पुन्हा एक पातळ कोट द्या. बहुतेक वेळा एवढ्यात काम होतं.

पण खरं सांगू का, आपल्याकडे मुंबई-कोकणात बॉडीचा ग्लॉस पेंट पावसाळ्यात करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. जून ते सप्टेंबर इंजिन करा, कॉकपिट करा, सस्पेन्शन करा, मॅट आणि मेटॅलिकचे छोटे पार्ट ब्रशने किंवा एअरब्रशने होतात, तिथे एवढा त्रास नाही. बॉडी दसऱ्यानंतर, ऑक्टोबरच्या उन्हात. घाई असेलच तर बंद खोलीत अर्धा तास एसी ड्राय मोडवर चालवून मग मारा, कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटं धरा, कोमट म्हणजे हाताला सोसेल एवढंच, गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात कधीच नाही, कॅन फुटतो. एअरब्रश असेल तर कॉम्प्रेसरला वॉटर ट्रॅप लावल्याशिवाय सुरूच करू नका.

पॉलिश करताना कडा सांभाळा. पॅनलच्या कडेवर पेंटचा थर सगळ्यात पातळ असतो आणि वॉटर पेपर तिथेच आधी प्रायमर दाखवतो. मी कडांना मास्किंग टेपची बारीक पट्टी लावतो, सपाट भाग झाला की टेप काढून कडेवर नुसतं कपड्याने फाइन कंपाउंड फिरवतो.

इंजिनिअरिंगला आहे सर. किटमधल्या इंजिनला वायरिंग नाहीये, मला करायचंय. कुठली तार घेऊ, कुठून कुठे न्यायची? (पुणे)

मित्रा, ह्या प्रश्नाची मी वाटच बघत होतो.

आधी इंजिन समजून घे, तार नंतर. हे कॉसवर्थ डीएफव्ही, ३ लिटरचं व्ही ८ म्हणजे व्ही आकारात चार-चार असे आठ सिलिंडर, कीथ डकवर्थचं डिझाइन, १९६७ ला झांडफूर्टला लोटस ४९ मध्ये आलं आणि पहिल्याच रेसला जिम क्लार्कने जिंकून दाखवलं. त्यानंतर ह्या इंजिनाने फॉर्म्युला वनच्या दीडशेपेक्षा जास्त रेस जिंकल्या. लोटस ४९ सारखंच टिरेलमध्ये पण हे इंजिन चेसिसचाच भाग आहे, पुढे ड्रायव्हरच्या मागच्या भिंतीला बोल्टने जोडलेलं, मागे त्यालाच गिअरबॉक्स आणि मागचं सस्पेन्शन. मॉडेलसाठी ह्याचा अर्थ एवढाच की इंजिन अर्धा मिलिमीटर वाकडं बसलं तर मागची दोन्ही चाकं वाकडी बसणार, म्हणून वायरिंगच्या नादात इंजिनचे ब्लॉक आणि हेड घाईत चिकटवू नकोस. पाण्यासारखा पातळ ग्लू जोडावर टेकवायचा, तो स्वतः आत ओढला जातो, रबर बँड लावून रात्रभर सोडून द्यायचं.

आता तार. खऱ्या गाडीची स्पार्क प्लगची वायर साधारण ७ मिलिमीटर जाडीची असते. १/१२ ला भाग दे, ०.५८ येते. १/२० ला ०.३५. आणि ही तार तुला महागड्या डिटेलअप सेटमधून घ्यायची गरज नाही, मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात एनॅमल केलेली कॉपर वायर गेजवर मिळते, २४ गेज म्हणजे ०.५६ मिलिमीटर, २८ गेज म्हणजे ०.३७ च्या आसपास. १/१२ ला २४, १/२० ला २८. थोडीशीच मागितली तर बरेच दुकानदार उरलेला तुकडा सहज देतात. कॉपरचा फायदा असा की वाकवली तशी राहते, प्लॅस्टिकच्या बारीक वायरसारखी परत उसळत नाही. तोटा असा की पेंट नीट धरत नाही, म्हणून आधी मेटल प्रायमर मार आणि वाकवून, बसवून झाल्यावर शेवटी रंग दे, आधी रंगवलीस तर वाकवताना टवके उडतात.

प्लगच्या वायर आठ, एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार. भोकं पाडायला पिन व्हाइस म्हणजे हाताने फिरवायचं छोटं ड्रिल आणि ०.६ मिलिमीटरचं बिट, अप्पा बळवंत चौकाच्या पलीकडे तपकीर गल्लीत विचार. कार्बाइडचं पीसीबी बिट हातातल्या पिन व्हाइसला घेऊ नको, जरा तिरकं झालं की तुटतं आणि तुकडा भोकातच राहतो, एचएसएसचं, म्हणजे हाय स्पीड स्टीलचं घे. भोक पाडायच्या आधी सुईच्या टोकाने खूण कर म्हणजे बिट घसरत नाही, आणि चारही खुणा पट्टीवर तपासून मगच पहिलं भोक. आठही वायर एकाच लांबीच्या कापू नकोस बरं का, पुढच्या सिलिंडरची आणि मागच्या सिलिंडरची वायर सारखी कशी असेल. प्रत्येक वायर सेंटीमीटरभर जास्त ठेव, एक टोक सुपरग्लूने बसव, वळण दे, दुसऱ्या टोकाला मोजून काप.

आणि हे माझं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं, हे नीट वाच: वायर का जाते ते कळल्याशिवाय ती लावू नकोस. बरेच जण इंजिनभर रंगीत तारांचं जाळं करतात, लांबून छान दिसतं, पण ज्याला गाडी कळते तो दोन सेकंदात ओळखतो की ही तार कुठूनच येत नाही आणि कुठेच जात नाही. प्लगच्या आठ वायर झाल्या की पेट्रोलच्या बारीक नळ्या, पेट्रोल मोजून वाटणाऱ्या लुकासच्या मीटरिंग युनिटमधून प्रत्येक इनटेक ट्रंपेटला (हवा आत घेणाऱ्या कर्ण्याला) एक, म्हणजे पुन्हा आठ, प्लगच्या वायरपेक्षा बारीक घे. मग तेलाचे आणि पाण्याचे होज. तेवढं केलंस तरी ते इंजिन जिवंत दिसेल. १९७६ च्या सीझनचे फोटो जमव, पण तारीख आणि रेस लिहिलेले, कारण म्युझियममधल्या किंवा हल्ली हिस्टॉरिक रेसिंगमध्ये पळणाऱ्या गाड्यांना आताचे होज, आताची फिटिंग बसवलेली असतात.

माझ्या १/२० किटच्या डेकलशीटवर जपानी अक्षरं आहेत. लावायची का? मला स्वीडन जिंकलेली गाडी करायची आहे. (कोल्हापूर)

मग ती डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायची छापील चित्रं, नाही लावायची. तुमचं किट १९७६ च्या जपान ग्रांप्रीचं आहे, २४ ऑक्टोबरला फुजीला झालेली, त्या रेसला टीमने जपानी प्रेक्षकांसाठी नावं जपानी अक्षरांत लिहिली होती. देपाये त्या दिवशी पण दुसरा आला. स्वीडनच्या गाडीवर ती अक्षरं नव्हती. ३ नंबर शेक्टरचा, ४ देपायेचा. पण नुसती अक्षरं वगळून स्वीडनची गाडी होत नाही, जून ते ऑक्टोबर टीमने गाडीत बारीकसारीक बदल केले, म्हणून फोटो शेजारी ठेवून एकेक भाग जुळवा. मी असतो तर ह्या किटची फुजीचीच केली असती, सगळ्या शीटमध्ये तीच अक्षरं सगळ्यात सुंदर आहेत.

मुलगा १२ वर्षांचा आहे, हट्ट करतोय. ग्लूच्या वासाची भीती वाटते. (ठाणे)

ताई, भीती योग्य आहे, पण त्यासाठी नाही म्हणू नका. पातळ मॉडेल ग्लूमध्ये अ‍ॅसिटोन आणि ब्युटिल अ‍ॅसिटेट असतं, खिडकी उघडी, पंखा असा की वारा बाहेर जाईल, बाटलीचं झाकण प्रत्येक वेळी बंद, आणि तुम्ही किंवा त्याचे बाबा शेजारी. ब्लेड पहिले काही महिने तुमच्या हातात, त्याला निपर द्या. स्प्रे पेंट घरात नको, गच्चीवर आणि मास्क लावून, साधा कापडी नाही, ऑर्गॅनिक व्हेपरचा फिल्टर असलेला. टू-के क्लियर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर, मात्र लहान मुलाच्या आसपास अजिबात नको, त्यात आयसोसायनेट असतात, मोठ्यांनी पण नीट रेस्पिरेटरशिवाय हात लावू नये.

काकांकडचं जुनं टिरेलचं किट मिळालं, न उघडलेलं. डेकल पिवळी पडलीत आणि एका टायरमुळे प्लॅस्टिक वितळल्यासारखं झालंय. काही करता येईल? (शारजा)

करता येतं. डेकलशीट झिप पाऊचमध्ये घालून उन्हाच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, छापलेली बाजू बाहेर, शारजाच्या उन्हात पिवळेपणा लवकर उतरेल, रोज बघत राहा, पांढरं झालं की काढा, नाहीतर रंग पण उडतील. मग त्यावर लिक्विड डेकल फिल्मचा एक कोट, नाहीतर इतकी जुनी डेकल पाण्यात टाकल्यावर तुकडे होतात. आधी शीटवरचं एखादं न लागणारं छोटं अक्षर पाण्यात टाकून बघा, ते अख्खं सुटलं तरच पुढे जा. लावताना खाली ग्लॉस पेंट हवा, मॅटवर लावलं तर हवा अडकून चंदेरी दिसतं. वळणावर सॉफ्टनर लावा आणि मग हात लावू नका, डेकलला सुरकुत्या पडतील, घाबरू नका, सुकताना आपोआप ताणून बसतं. वर क्लियर मारताना पहिले दोन-तीन कोट अगदी धुक्यासारखे, एकदम ओला कोट मारलात तर लॅकर डेकलच खाऊन टाकतं.

टायरचं कारण असं की जुन्या मऊ व्हिनाइलमधून प्लॅस्टिसायझर बाहेर येतो आणि पॉलिस्टायरीन विरघळवतो. खड्ड्यात पुट्टी भरा, सुकली की ४०० आणि मग ८०० चा वॉटर पेपर. रिमवर असेल तर आतल्या बाजूला घ्या, दिसणार नाही. टायर बसवायच्या आधी रिमला पेंटचा थर असू द्या, दोघांचा थेट संपर्क नको. बाकीचे टायर आजच बॉक्समधून बाहेर काढून वेगळ्या पिशवीत ठेवा, आणि कॉकपिटच्या बाजूच्या छोट्या खिडक्यांचे पारदर्शक पार्ट त्यांना लागलेले नाहीत ना ते आधी बघा, ड्रायव्हरला पुढची चाकं दिसावीत म्हणून ठेवलेल्या त्या खिडक्या ही ह्या गाडीची ओळख आहे आणि ते पार्ट खराब झाले तर पुट्टीने दुरुस्त होत नाहीत.