स्वस्तातल्या इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारे भाग) बदलले तर आवाज खरंच सुधारतो का? सोल्डरिंग येत नसताना हे घरी जमेल का?

तुमची गिटार स्ट्रॅट, म्हणजे स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची, तीन सिंगल कॉइलवाली (एकेका कॉइलचे तीन पिकअप). तक्रारी दोन: ब्रिजच्या, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाजवळच्या पिकअपवर आवाज कानात घुसतो, आणि अँपचा गेन (सिग्नल वाढवायची पातळी) वाढवला की घूंऽऽ सुरू होतं. घरी जमेल, त्याची काळजी नको. पण या दोन तक्रारींची कारणं वेगळी आहेत, आणि पहिलीला बहुतेक वेळा पिकअप जबाबदार नसतो. म्हणून खरेदी थोडी पुढे ढकला.

आधी एक करून बघा. स्विच ब्रिजवर ठेवा आणि दोन्ही टोन नॉब शून्यावर आणा. आवाजात काही फरक पडला का? पडला नसेल तर तुमच्या ब्रिज पिकअपला टोन कंट्रोलच नाही. हा कारखान्याचा दोष नव्हे. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली तेव्हापासून एक टोन नॉब नेकच्या (मानेजवळच्या) पिकअपला आणि दुसरा मधल्या पिकअपला, अशीच जोडणी होती, ब्रिज मोकळा. नकला करणाऱ्यांनी तीही इमानाने उचलली. त्यामुळे ब्रिजचा सगळा तीक्ष्णपणा थेट अँपमध्ये जातो आणि तुम्ही नॉब फिरवत बसता.

उपाय तारेच्या एका तुकड्याचा. स्विचवर दुसऱ्या टोन नॉबची तार जिथे येते, त्याच रांगेतल्या ब्रिजच्या टोकाला छोटी तार टाकून जोडायचं. स्विच सर्किट बोर्डवाला असेल तर टोकं एकाच ओळीत असतात. तिथे अंदाजाने जोडू नका, त्याच प्रकारच्या स्विचची आकृती शोधून घ्या. मग टोन सहा-सातवर आणून वाजवा. सोल्डरिंग शिकायलाही याहून बरी सुरुवात नाही: दोन डाग, तेही पिकअपच्या नाजूक तारेपासून लांब.

गिटार उघडलीच आहे तर पॉटवर (नॉबखालच्या फिरत्या रोधावर) काय छापलंय ते वाचा. सिंगल कॉइलला साधारण २५० के (किलोओहम), हंबकरला, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपला, ५०० के, असा रिवाज आहे. पॉटचा रोध जितका मोठा तितक्या वरच्या फ्रिक्वेन्सी कमी गळतात. म्हणजे सिंगल कॉइलसोबत ५०० के बसवलेलं असेल तर आवाज जास्त टोचणारच. उलट, उद्या हंबकर आणून २५० केवर लावलात तर तो ब्लँकेट पांघरल्यासारखा वाजेल आणि शिव्या पिकअपला बसतील.

उंचीकडे तर कोणी बघतच नाही, आणि तिला खर्च शून्य आहे. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून पोलपर्यंतचं (पिकअपवरच्या धातूच्या टोकापर्यंतचं) अंतर मोजा. नेहमीच्या सिंगल कॉइलसाठी जाड तारेकडे सुमारे २ मिमी आणि बारीक तारेकडे १.६ मिमी ही चांगली सुरुवात. तिथून ब्रिज पिकअपची बारीक तारेकडची बाजू अर्धा-अर्धा आटा खाली न्या आणि दर वेळी वाजवून ऐका. नेकचा पिकअप फार वर असेल तर चुंबक तारेला ओढतो. मग जाड तारेवर वरच्या फ्रेटना सूर डगमगतो आणि माणूस ट्यूनिंग पेगवर संशय घेतो.

आता घूंऽऽ. सिंगल कॉइल म्हणजे चुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारची तार थरथरली की त्यात वीज निर्माण होते, पण आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्रही त्यात तितक्याच आनंदाने शिरतं. महागडा सिंगल कॉइल आणलात तरी तोही घुमणारच, हे विकणारे सहसा सांगत नाहीत. गिब्सनमध्ये काम करणाऱ्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये हंबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला तो याच त्रासावर. दोन कॉइल, एकीचे वेढे आणि चुंबकाची दिशा दुसरीच्या उलट. तारेचा सिग्नल बेरजेत येतो, बाहेरची घुमघुम एकमेकींना खाऊन टाकते. हीच युक्ती तुमच्या गिटारमध्ये कदाचित आधीच आहे. स्विच दोन आणि चारवर ठेवून बघा. तिथे शांतता वाटली तर मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आहे.

तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर अर्थिंग ठीक आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर कुठेतरी अर्थ तुटलाय किंवा जॅकच्या (केबल खोचायच्या जागेच्या) तारा उलट्या आहेत, ते आधी दुरुस्त करा. पिकअप बसतात त्या पोकळीत तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडली की ट्यूबलाइट-डिमरची चरचर बरीच कमी होते. ट्रान्सफॉर्मरची खोल घुमघुम मात्र त्याने जात नाही. ती घालवायची तर सिंगल कॉइलच्याच मापात बसणारा हंबकर हवा, रेलवाला (सुट्या पोलऐवजी सलग पट्ट्यांचा) किंवा एकावर एक कॉइल रचलेला. तुम्ही गेन वाढवून वाजवता, त्यामुळे मी तुमच्या जागी असतो तर फक्त ब्रिजला रेलवाला टाकला असता आणि बाकी दोघांना हात लावला नसता.

खरेदी करताना किलोओहमच्या आकड्याला भुलू नका. साधा सिंगल कॉइल ५.५ ते ७ किलोओहम दाखवतो, जुन्या धाटणीचा हंबकर ७ ते ९, पण आकडा तारेची लांबी आणि जाडी सांगतो, आवाज नाही. बारीक तार वापरली की वेढे तेवढेच असूनही रोध वाढतो. तसंच चुंबकाबद्दलचं 'सिरॅमिक म्हणजे स्वस्त, अल्निको म्हणजे भारी' हेही अर्धंच खरं. स्वस्त सिंगल कॉइलमध्ये लोखंडी पोलखाली सिरॅमिक पट्टी चिकटवलेली असते हे खरं, पण दिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन हा गाजलेला पिकअपही सिरॅमिकच आहे.

ऑर्डर देण्याआधी पट्टी घेऊन बसा. जुनी कव्हरं वापरायची असतील तर पहिल्या आणि सहाव्या पोलमधलं अंतर मोजा, ते सगळीकडे सारखं नसतं. पातळ बॉडीत पोकळीची खोलीही बघून घ्या. पूर्ण मापाचा हंबकर हवा असेल तर पिकगार्डखाली (पिकअप बसवलेल्या वरच्या प्लास्टिकच्या पट्टीखाली) डोकवा. कधी कधी लाकूड आधीच तेवढं कोरलेलं असतं आणि फक्त पिकगार्ड बदलावं लागतं. नसेल तर लाकूडकाम आलं.

कामाला सुरुवात करण्याआधी जुन्या जोडणीचे भरपूर फोटो काढा. चाळीस वॅटच्या आसपासचा सोल्डरिंग आयर्न घ्या. फार कमी ताकदीचा आयर्न पॉटच्या पाठीवर घासत राहतो आणि तेवढ्यात पॉटच भाजून निघतं. पाठीवर डाग देण्याआधी ती जागा सॅण्डपेपरने खरवडा. टोक आणि तार दोन्हींवर आधी सोल्डरचा पातळ थर चढवा, मग जोडा. डाग चकचकीत, पसरलेला हवा. गोळा होऊन बसला असेल तर तो उद्या सुटणार.

चार तारांचा पिकअप असेल तर रंगांवर आंधळा विश्वास नको. सीमोर डंकनमध्ये काळी तार सिग्नलची, तर दिमार्झिओमध्ये लाल. एका कंपनीची आकृती दुसरीच्या पिकअपला लावलीत तर एखादी कॉइल मुकी राहील, नाहीतर आवाज पोकळ येईल.

पिकगार्डचे स्क्रू आवळण्याआधी केबल लावा, अँप हळू आवाजात ठेवा आणि स्क्रू ड्रायव्हरने प्रत्येक पिकअपच्या पोलवर टकटक करा. स्विचच्या पाचही जागी योग्य तोच पिकअप बोलायला हवा. मग तारा चढवून स्विच ब्रिजकडून मोजून दोनवर, म्हणजे ब्रिज आणि मधला एकत्र, ठेवून वाजवा. आवाज अचानक पातळ, नाकातून आल्यासारखा झाला तर नवा पिकअप जुन्याच्या उलट फेजमध्ये आहे, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांना कापताहेत. नव्याच्या सिग्नल आणि अर्थच्या तारांची अदलाबदल करा. मात्र वेगळी उघडी शिल्डची तार असेल तर ती अर्थलाच राहू द्या. आणि धातूचं कव्हर अर्थच्याच तारेला जोडलेलं असेल तर आधी ते सोडवून त्याला स्वतंत्र अर्थ द्यावा लागतो, नाहीतर कव्हरला बोट लागलं की घूंऽऽ परत हजर.