लोखंडाचे बळ आणि ऑक्साइडचे कण

प्रश्न : लोखंड ज्या लहान लहान स्फटिकांचे बनलेले असते, ते स्फटिककण बारीक असलेले लोखंड अधिक बळकट का असते? त्यात ऑक्साइड मुद्दाम का मिसळतात?

उत्तर : लोखंड वाकते तेव्हा त्याच्या स्फटिकांतील डिस्लोकेशन नावाचे रेषीय दोष सरकत असतात आणि स्फटिककणांच्या सीमांशी अडतात; कण जितके बारीक, तितक्या सीमा अधिक. हॉल (१९५१) व पेच (१९५३) या संशोधकांच्या नियमानुसार स्फटिककणाचा व्यास एक चतुर्थांश झाला, तर सीमांमुळे मिळणारे बळ दुप्पट होते. शिवाय ठिसूळपणाही घटतो, आणि हा लाभ मला अधिक मोलाचा वाटतो.

परंतु लोखंड तापवल्यावर त्याचे स्फटिककण मोठे होतात आणि हा लाभ कमी होतो. अशा वेळी काही नॅनोमीटर आकाराचे, सर्वत्र विखुरलेले यट्रियम या धातूच्या ऑक्साइडचे कण स्फटिककणांच्या सीमांना धरून ठेवतात आणि डिस्लोकेशनलाही वळसा घ्यायला लावतात. हेच ऑक्साइड जाडसर राहिले, तर मात्र तिथूनच तडा सुरू होऊ शकतो.