२००१ ची सॅन्ट्रो भंगारात द्यावी का? लोक या गाडीत एवढं काय बघतात?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची २००१ ची सॅन्ट्रो आहे, ॲव्हरेज दहाच्या खाली आलंय, गॅरेजवाला ‘इंजिन उतरवावं लागेल’ म्हणतोय आणि घरचे भंगाराचा भाव काढून बसलेत. आणि तरीही पार्किंगमध्ये अनोळखी माणसं थांबून ‘विकणार का’ विचारतात, ते का?

देऊ नका. निदान थर्मोस्टॅट (कूलंटचा म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा प्रवाह तापमानानुसार उघडणारा-मिटणारा वाल्व) जागेवर आहे की नाही हे बघितल्याशिवाय तरी देऊ नका.

लोक काय बघतात ते थोडक्यात. ही मुळात ह्युंदाईची कोरियातली ॲटोस. तिथे छोट्या गाडीच्या सवलती मिळवायला इंजिन ८०० सीसीच्या आत ठेवावं लागायचं. भारतासाठी मागची बाजू बदलली, ९९९ सीसीचं चार सिलिंडर, १२ वाल्वचं एप्सिलॉन इंजिन टाकलं आणि सप्टेंबर १९९८ मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळच्या कारखान्यातून गाडी बाजारात आली. रस्त्यावर बहुतेक छोट्या गाड्या कार्बोरेटरवर धावत होत्या तेव्हा हिला एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरने मोजून पेट्रोल सोडणारं फ्युएल इंजेक्शन होतं. उंच छपरावरून लोकांनी खूप नावं ठेवली, पण गुडघे धरलेल्या माणसाला न वाकता आत बसता येतं ते त्याच उंचीमुळे. सीट उंच, काच मोठी, बॉनेटचा कोपरा कुठे आहे ते गल्लीत अचूक कळतं. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रेंगाळली तरी इंजिन कुरकुर न करता उचलतं. अजून वापरात असलेली शहरासाठीची यापेक्षा समजूतदार जुनी छोटी गाडी मला माहीत नाही.

आता तुमचं ॲव्हरेज. नात्यातली एक २००२ ची सॅन्ट्रो अशीच ‘इंजिन गेलं’ म्हणून हाताखाली आली होती. प्लग काळे, काजळी धरलेले. सकाळी सायलेन्सरला कच्च्या पेट्रोलचा वास. ऑइल डिपस्टिकवर पातळ आणि पेट्रोलचा वास मारणारं. आणि मुख्य खूण ही की शहरात तापमानाचा काटा अर्ध्याच्या जरा खाली असायचा, पण घाट उतरताना सरकन ‘सी’कडे, म्हणजे थंडकडे जायचा. इंजिन ठीक असेल तर काटा एकदा जागेवर आल्यावर घाट चढा नाहीतर उतरा, तिथून फारसा हलत नाही. थर्मोस्टॅटच्या हाउसिंगचे दोन बोल्ट काढले, आत थर्मोस्टॅट नव्हताच. कोणीतरी कधीतरी ‘गाडी गरम होते’ म्हणून काढून फेकला होता.

यावरून आमच्या भागातल्या एका जुन्या मेकॅनिकशी माझा वाद आहे आणि तो मिटलेला नाही. त्यांचं म्हणणं, आपल्याकडे ऊन एवढं, थर्मोस्टॅट हवाच कशाला, तो थंड देशांसाठी. हे साफ चूक आहे. थर्मोस्टॅट इंजिनला ठरलेल्या तापमानावर, साधारण ८० ते ९० अंशांत, ठेवतो. कार्बोरेटरच्या गाडीत तो काढला तरी कसंबसं निभायचं. एमपीएफआयमध्ये ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) कूलंटच्या सेन्सरवरून पेट्रोल ठरवतो. सेन्सरने ‘इंजिन अजून थंड आहे’ सांगितलं की तो जास्त पेट्रोल सोडतो, आणि थर्मोस्टॅट नसेल तर तो दिवसभर तसंच सांगत राहतो. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइल धुऊन खाली उतरतं, ऑइल पातळ होतं, रिंगा झिजतात. म्हणजे गाडी वाचवायला काढलेली वस्तूच पुढे इंजिन उतरवायची पाळी आणते.

बरं, गाडी मुळात गरम का होत होती? हे थर्मोस्टॅट काढणाऱ्यांनी कधी शोधलंच नाही. सॅन्ट्रोत मला नेहमी तीनच कारणं सापडतात: नळाचं पाणी भरून क्षार धरलेला रेडिएटर, जळलेल्या कनेक्टरमुळे किंवा झिजलेल्या मोटरमुळे न फिरणारा पंखा, आणि रबर कडक झालेलं रेडिएटरचं झाकण. तिन्ही बदलून खर्च इंजिनकामाच्या जवळपासही जात नाही.

थर्मोस्टॅट बसवायची पद्धत अशी. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच झाकण उघडा. कूलंट खाली मोजपट्टीच्या बादलीत काढा आणि किती निघालं ते लिहून ठेवा. नवा थर्मोस्टॅट बसवायच्या आधी दोऱ्याला बांधून पाण्याच्या पातेल्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी तापवा. त्याच्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळायच्या बेताला पूर्ण उघडला पाहिजे. डब्यातून आलेला नवा थर्मोस्टॅटही अडकलेला निघतो, म्हणून ही दहा मिनिटं वाचवू नका. हाउसिंगचं तोंड जुन्या गॅस्केटपासून खरवडून स्वच्छ करा. थर्मोस्टॅटवरचं हवा निघायचं बारीक भोक वरच्या बाजूला ठेवा. बोल्ट आलटून पालटून आवळा, ॲल्युमिनियमचे आटे आहेत, जोर लावू नका.

मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. झाकण उघडं, हीटरची कळ पूर्ण गरमवर, इंजिन आयडलला. इंजिन तापायच्या आधीच वरचा होज पाइप हाताने दाबत राहा, बुडबुडे निघतील, पातळी खाली जाईल तशी भरत जा. वरचा पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग अचानक गरम होतो, तेव्हा थर्मोस्टॅट उघडला असं समजा. झाकण लावा आणि पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनवर पातळी पुन्हा बघा. जेवढं काढलं त्यापेक्षा लिटरभर कमी बसलं असेल तर आत हवा अडकली आहे. आणि बुडबुडे थांबतच नसतील, ऑइल भरायच्या झाकणाखालचं ऑइल दुधाळ असेल, तर हेड गॅस्केट गेलंय. तेव्हा मात्र तुमचा गॅरेजवाला बरोबर.

सोबत ऑइल आणि फिल्टर बदला, जवळपास तीन लिटर लागतं, शेवटचं डिपस्टिक बघत भरा. थ्रॉटल बॉडी साफ करा. प्लगच्या खोबणीत ऑइल साचलंय का बघा. साचलं असेल तर टॅपेट कव्हरचं गॅस्केट आणि प्लगच्या नळ्यांची सीलं बदला, नाहीतर मिसफायर होत राहील आणि लोक कॉइल बदलत बसतील.

टायमिंग बेल्टबद्दल, म्हणजे वाल्वची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याबद्दल एकच. मागच्या वेळी कधी बदलला त्याचं बिल नसेल तर आजच बदला, टेन्शनर आणि क्रँक-कॅमच्या सीलांसकट. मी ६०,००० किमी किंवा पाच वर्षं, जे आधी होईल ते धरतो. ‘वरून चांगला दिसतोय’ हे मेकॅनिकचं उत्तर मान्य करू नका. तुटला की वाल्व पिस्टनवर आपटून वाकतात. बसवल्यावर क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या चालायच्या दिशेनेच हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचं आणि खुणा पुन्हा जुळवायच्या. मध्ये कुठे अडलं तर तिथेच थांबायचं, स्टार्टर मारायचा नाही.

आता जे मी आधी सांगायला हवं होतं. पत्रा बघा. मॅट उचला, कार्पेट उचला, बॅटरीच्या ट्रेखाली आणि मागच्या चाकांच्या कमानीत स्क्रू-ड्रायव्हरची मूठ ठोका. कोकणात वाढलेली गाडी असेल तर जास्तच. टणटण आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तर आत लांबी (पुट्टी) भरलीय. फ्लोअर आणि सस्पेन्शनचे पॉइंट सडले असतील तर वरचं सगळं विसरा, पार्टसाठी विका. इंजिन उभं करता येतं, सडलेला फ्लोअर उभा करण्यात पैसे जातात.

‘व्हिंटेज’ नोंदणी कोणी सुचवली तर ती ५० वर्षांवरच्या गाड्यांना आहे. तुमच्या गाडीला दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर आहेच, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या खासगी कारची नूतनीकरणाची फी १०,००० रुपये आहे. हा खर्च धरूनच ठरवा. गाडी वर्षातून चार वेळा हलणार असेल तर मी सांगूनही ठेवू नका. पार्टला जाताना चासी नंबर घेऊन जा. ‘झिंगचंच बसतं’ म्हणून नंतरच्या सॅन्ट्रो झिंगचे, १०८६ सीसीचे पार्ट गळ्यात मारतात आणि सगळेच बसत नाहीत.

पंपावर आता ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे, म्हणून पेट्रोलचे जुने रबरी पाइप आणि इंजेक्टरच्या ओ-रिंगा याच कामात बदलून घ्या. पाइपवर एसएई जे३०आर९ छापलेलं असलं पाहिजे.