पावसाची बेरीज सहापट येते आणि पुढे कीएरर: लायब्ररीत बग आहे का?

तुमची अडचण मला समजली ती अशी: नॉर्वेच्या हवामान संस्थेच्या लोकेशनफोरकास्ट सेवेतून आलेला जेसन (नावं आणि किमती अशा जोड्यांत लिहिलेला डेटा) तुम्ही पायथनच्या एका छोट्या लायब्ररीने वाचता. पहिल्या दोन दिवसांचा पाऊस अवाच्या सवा भरतो आणि पुढच्या दिवसांवर गेलं की कीएरर (मागितलेल्या नावाचा भाग डेटात नाही, ही पायथनची तक्रार) येऊन प्रोग्राम थांबतो.

लायब्ररीत बग नसावा. प्रत्येक आकडा किती वेळाचा आहे, हे न बघता बेरीज होतेय.

त्या जेसनमध्ये ‘टाइमसिरीज’ नावाची यादी असते. तिच्या प्रत्येक नोंदीत ‘इन्स्टंट’ हा भाग असतो: तापमान, वारा, दाब, म्हणजे त्या क्षणाची स्थिती. पाऊस मात्र क्षणाचा नसतो, तो कालावधीत मोजायचा. म्हणून तो ‘नेक्स्ट १ अवर्स’ आणि ‘नेक्स्ट ६ अवर्स’ या वेगळ्या भागांत येतो. सुरुवातीच्या दोन-अडीच दिवसांत नोंदी तासातासाच्या असतात आणि बहुतेक नोंदींत हे दोन्ही भाग असतात. समजा दर तासाला १ मिमी पाऊस आहे. मग प्रत्येक नोंदीचा सहा तासांचा आकडा ६ येणार. अशा २४ नोंदींची बेरीज केली की १४४ मिमी, खरा पाऊस २४. तुमची लायब्ररी ‘पर्जन्य’ म्हणून सहा तासांचाच आकडा देत असावी. एक नोंद छापून बघा, लगेच कळेल.

कीएररचंही तेच. तासाच्या नोंदी संपल्या की पुढे सहा-सहा तासांच्या लागतात आणि त्यांत एका तासाचा भागच नसतो. अगदी शेवटच्या नोंदींत तर दोन्ही नसतात, नुसता ‘इन्स्टंट’.

मी असं करतो: ‘कुठवर मोजलं’ ही वेळ एका व्हेरिएबलमध्ये ठेवतो. नोंद त्या वेळेच्या आधी सुरू होत असेल तर सोडून देतो. एका तासाचा भाग असला तर तो घेतो आणि वेळ एक तास पुढे सरकवतो. नसला तर सहा तासांचा घेतो आणि सहा तास सरकवतो. दोन्ही नसले तर ‘नन’ (None), म्हणजे पायथनमध्ये ‘काहीच माहिती नाही’. इथे ‘गेट’ला (भाग नसला तर ठरवलेली किंमत देणारी पायथनची सोय) डिफॉल्ट शून्य देऊन मोकळं व्हायचा मोह होतो, पण मग अंदाज संपला तिथे तुमचा प्रोग्राम ‘कोरडा दिवस’ सांगत बसतो. माहिती नसणं आणि पाऊस नसणं यांत फरक ठेवायलाच हवा.

वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात (शेवटी झेड असतो), तेव्हा दिवसावार गट पाडण्याआधी त्या स्थानिक वेळेत आणा. सहा तासांचा तुकडा मध्यरात्र ओलांडत असेल तर मी तो ज्या दिवशी सुरू झाला त्याच दिवसात धरतो. निम्मा-निम्मा वाटला की पाऊस सहा तास सारखाच पडला असं गृहीत धरावं लागतं, आणि पाऊस तसा क्वचितच पडतो.

कुणी सांगेल, हे सोडा आणि सरळ ग्रिब फाइल (हवामान मॉडेलचे आकडे ज्या स्वरूपात येतात ती) वाचा. एका ठिकाणाच्या अंदाजासाठी तो खटाटोप कशाला? शिवाय कालावधीची भानगड तिथेही सुटत नाही: ईसीएमडब्ल्यूएफ या युरोपीय हवामान अंदाज केंद्राच्या मॉडेलमध्ये एकूण पर्जन्य अंदाजाच्या सुरुवातीपासून साठत जातं आणि तेही मीटरमध्ये. दोन वेळांमधला पाऊस काढायला वजाबाकी करायची, मग हजारने गुणायचं.

जाता जाता: विनंतीत स्वतःची ओळख सांगणारा यूझर-एजंट पाठवा, लायब्ररीचा सर्वसाधारण असेल तर ४०३, म्हणजे सर्व्हरचा नकार, मिळू शकतो. अक्षांश-रेखांश दशांशानंतर चार अंकांपर्यंतच ठेवा. उत्तरासोबत येणाऱ्या ‘एक्स्पायर्स’ हेडरमधली वेळ होईपर्यंत पुन्हा मागणी करू नका.

एवढं करूनही बेरीज जुळली नाही, तर कुठल्याही एका तासाची मूळ नोंद प्रश्नात जशीच्या तशी टाका. लायब्ररीने छापलेली नको, सर्व्हरकडून आलेली.